'आयडेम्पोटंट'ला मराठीत काय म्हणावे?

रत्नागिरीहून दूरचे सर्व्हर सांभाळणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, जे स्वयंचलित काम एकदा चालवले काय किंवा दहादा चालवले काय, सर्व्हर अखेरीस एकाच स्थितीत राहतो, त्या कामाला 'आयडेम्पोटंट'ऐवजी मराठीत काय म्हणावे. पावसात वीज गेली की त्यांची स्क्रिप्ट, म्हणजे सर्व्हरला ओळीने द्यायच्या आज्ञांची यादी, अर्ध्यावर तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून चालवावी लागते.

मूळ शब्द गणितातला. बेंजामिन पर्स यांनी १८७० मध्ये 'तोच' आणि 'समर्थ' या अर्थांच्या लॅटिन शब्दांवरून तो घडवला. ० आणि १ यांचा वर्ग केला तरी त्या संख्या त्याच राहतात, तसा हा गुण. हिंदीत 'वर्गसम' म्हणतात, पण सर्व्हरवर वर्ग कसला करायचा? मला 'पुनरावृत्तिसह' बरा वाटतो: 'अग्निसह' म्हणजे आग सोसणारे, तसे हे पुनरावृत्ती सोसणारे. समासाच्या पूर्वपदी असल्याने 'त्ति' ऱ्हस्व.

खरी गंमत मात्र नामापेक्षा क्रियापदात आहे. पावसाळ्यापूर्वी घर शाकारताना गड्याला 'वीस कौले चढव' असे सांगितले आणि तेच काम चुकून दुसऱ्या दिवशीही सांगितले, तर चाळीस कौले चढतील. 'फुटके कौल राहू नये' असे सांगितले, तर दुसऱ्या दिवशी तो छपरावर नजर फिरवून खाली उतरेल. पहिले वाक्य आज्ञार्थी, दुसरे विध्यर्थी. सर्व्हरवरही तसेच: फाइलच्या शेवटी ओळ जोडणारी 'एको'ची आज्ञा प्रत्येक वेळी नवी ओळ जोडते. सर्व्हरांची मांडणी आपोआप करणाऱ्या ॲन्सिबल या साधनातील 'लाइनइनफाइल' मात्र 'ही ओळ असावी' एवढेच मागते, आणि ती असेल तर फाइलला हात लावत नाही. म्हणूनच तेथे स्थिती सांगताना 'प्रेझेंट', 'ॲब्सेंट', 'स्टार्टेड' अशी विशेषणे येतात. याच रांगेतले 'रीस्टार्टेड' तेवढे फसवे: रूप विशेषणाचे असले तरी वृत्ती आज्ञार्थाची, त्यामुळे चालू असलेली सेवाही ते दर खेपेस बंद करून पुन्हा सुरू करते. 'शेल'मधून, म्हणजे सर्व्हरला थेट टंकून द्यावी तशी, दिलेली आज्ञाही आपोआप पुनरावृत्तिसह होत नाही. अमुक फाइल आधीच असेल तर थांब, अशी अट ॲन्सिबलमधल्याच 'क्रिएट्स' या पर्यायाने घालावी लागते.

लेखी दस्तऐवजात 'ही स्क्रिप्ट पुनरावृत्तिसह आहे' असे लिहावे. सहकाऱ्याशी बोलताना 'परत चालवली तरी काही बिघडत नाही' हेच अधिक मराठी आहे.