‘अयोग्य’ ठरवलेला भाडेकरू

“मॅडम, तो लहानपणी माओवाद्यांच्या फौजेत होता म्हणे. घरात नातवंडं आहेत. त्याला खोली सोडायला सांगू का?” लातूरच्या एका काकूंनी 2011 साली विचारलेला हा प्रश्न मला आजही वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो. त्यांचा एकवीस वर्षांचा नेपाळी भाडेकरू चायनीजच्या गाडीवर कोबी चिरायचा आणि रात्री झोपेत ओरडत उठायचा. हातातली सुरी आणि ते ओरडणे यांची सांगड काकूंनी मनातच घातली होती.

आठ महिन्यांत तो कुणाच्या अंगावर धावून गेला का, असे मी विचारले. नाही. दारू? तीही नाही. “नातवाला खांद्यावर घेऊन फिरवतो,” एवढे सांगून काकू गप्प झाल्या.

पुढे तो स्वतःही भेटायला आला. इथले सारे त्याच्या संमतीने लिहिते आहे. नेपाळच्या 1996 ते 2006 च्या यादवी युद्धात तो चौदाव्या वर्षी ओढला गेला आणि युद्ध थांबल्यावरही छावणीतच राहिला. संयुक्त राष्ट्रांच्या पडताळणीत त्याच्यासारखी 2,973 मुले अल्पवयीन ठरली आणि 2010 मध्ये त्यांना सोडण्यात आले. मुलांना लढायला नेणे हा त्यांच्यावर झालेला अन्याय होता, तरी शिक्का बसला तो त्यांच्यावरच : ‘अयोग्य’. नेपाळीत आणि मराठीत हा शब्द एकच असल्याने तो मला समजावून सांगावा लागला नाही. गोळीबाराच्या आठवणींपेक्षा गावाने त्याच नावाने ओळखणे त्याला अधिक सलत होते.

काकूंना मी किल्लारीची आठवण करून दिली. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर पत्रा वाजला तरी काकू आपल्या मुलांना उचलून अंगणात धावत असत. धोका टळला तरी शरीराचा पहारा लवकर उठत नाही, आणि झोपेतल्या ओरडण्यावरून माणूस हिंसक ठरत नाही. सिएरा लिओन या आफ्रिकी देशात लढायला नेलेल्या मुलांचा अनेक वर्षे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांतही घरच्यांनी आणि वस्तीने स्वीकारलेली मुले अधिक सावरलेली दिसली. म्हणून खोली काढून घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगितले. मात्र दारू वाढली किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करू नये. त्यालाही मी एकदा पाठवलेच.

तो ओरडला, तर अंगाला हात न लावता दिवा लावून दारातूनच नावाने हाक मारायची, असे काकूंशी ठरले. पाच महिन्यांनी त्या पुन्हा भेटल्या, तेव्हा ओरडणे पूर्ण थांबले नव्हते. खोली त्याच्याकडेच होती.