साडेअकराची गाडी

*प्रिय मावशी,*

*मी गेवराई तालुक्यातल्या एका खेड्यातला. यंदा संभाजीनगरला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आलोय. बारावीला ८१ टक्के होते. अकरावी-बारावीला आमच्याकडं कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलपुरतं जायचं, बाकी सगळं क्लासला. इथं रोज हजेरी. सर इंग्रजीतून शिकवतात, फिजिक्स तर काहीच समजत नाही. दोन महिने झाले, एक मित्र नाही. सगळ्यांचे ग्रुप पडलेत. प्रॅक्टिकलचा पार्टनर नीट बोलत नाही. आई रोज एसटीनं डबा पाठवते, तो घ्यायला साडेअकराला स्टँडवर जावं लागतं, संध्याकाळी रिकामा डबा परतीच्या गाडीत ठेवावा लागतो, त्यात एक तास बुडतो, ते वेगळंच. पण आईच्या हातचं मिळतं आणि मेसचे पैसे वाचतात. रात्री झोप येत नाही. वाटतं, गेवराईलाच परत नाव घालावं. मी शहरात राहायच्या लायकीचा नाही का? इंग्रजी सुधारायला काय करू?*

*तुमचा एक भाचा*

भाच्या,

पत्र दोनदा वाचलं. इंग्रजी, मित्र, झोप, लायकी, सगळ्यांना तू मान दिलास आणि डब्याला ‘ते वेगळंच’ म्हणून वाटेला लावलंस. वेगळं नाही रे लेकरा. तेच आहे.

तुझा दिवस मांडून बघू. साडेअकराला वर्गात तिसरा तास सुरू होतो आणि तू शेअर रिक्षात असतोस. गाडी वेळेवर आली तर नशीब. पाचोडला कुणी म्हातारी हळूहळू उतरली, आडूळला गर्दी चढली, की गेली वीस मिनिटं. तोवर तू फलाटावर प्रत्येक लाल गाडीची पाटी वाचत उभा. मग आत चढायचं, ड्रायव्हरमागच्या पिशव्यांत आपला डबा हुडकायचा. तुझ्या डब्यावर नाव नेलपॉलिशनं लिहिलंय का? आमच्याकडं तसंच लिहायचे, घासलं तरी जात नाही. डबा घेऊन पुन्हा रिक्षा, खोली. खोलीवर एकट्यानं जेवण, तेही भराभर, कारण प्रॅक्टिकल. संध्याकाळी बाकीची पोरं कट्ट्यावर चहा पितात तेव्हा तू रिकामा डबा घेऊन परत स्टँडवर.

आता मला सांग, मित्र व्हायचे कधी? मित्र काही तासाला होत नाहीत, तासाला सगळे समोर बघून बसतात. ते होतात मधल्या सुटीत, मेसच्या रांगेत, ‘तुझ्याकडं लोणचं आहे का’ विचारताना, संध्याकाळच्या अर्ध्या चहात. दिवसातल्या नेमक्या त्याच दोन वेळा तू दोन महिने मध्यवर्ती बसस्थानकाला देऊन टाकल्यास. ग्रुप तुला टाळून पडले नाहीत. ग्रुप पडत होते तेव्हा तू फलाटावर होतास.

पार्टनरचंही तेच. तू कबूल केलं नाहीस, पण स्टँडहून खोली, खोलीवरून जेवून कॉलेज म्हणजे तू प्रॅक्टिकलला रोज उशिराच पोचत असणार. तोवर त्या पोरानं मीटर ब्रिजची जोडणी केलेली, बॅटरी तपासलेली, गॅल्व्हनोमीटरचा काटा कुठं शून्यावर येतो ते शोधत घाम गाळलेला. तू येऊन रीडिंग उतरवून घेतोस. मी त्याच्या जागी असते तर नीट बोलले नसते. उलट दोन शब्द जास्तच बोलले असते.

इंग्रजीचं मी फार ऐकून घेणार नाही. बारावीचं फिजिक्स तू इंग्रजीतच लिहिलंस आणि ८१ टक्के आणलेस. मीटर ब्रिजला मराठीतसुद्धा मीटर ब्रिजच म्हणतात. आणि हजेरीचं एक कान देऊन ऐक, कारण क्लासच्या सवयीत हे कुणी सांगत नाही: ७५ टक्के हजेरी बहुतेक कॉलेजांत विषयवार बघतात. बाकीचे तास पहिल्या बाकावर बसलास म्हणून तिसऱ्याची भरपाई होत नाही. सेमिस्टर चार-साडेचार महिन्यांचं असतं. त्यातले दोन तू घालवलेस.

आता पैसे. स्टँडच्या दिवसाला दोन चकरा, म्हणजे चार वेळा रिक्षा. शेअर रिक्षाचे पंधरा रुपये धरले तरी साठ झाले. महिन्याचे २६ दिवस धर: १,५६० रुपये. एका वेळच्या मेसचा दर कॉलनीत विचारून ये आणि शेजारी लिही. जी बचत निघेल ती मला कळव, मी हसेन. खरीच अडचण असली तर त्याला वाटा आहेत. वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, आदिवासी मुलांना स्वयम्. या योजनांतून जेवणाखोलीचे पैसे खात्यावर येतात. तुला कुठली लागू पडते, अटी काय, ते कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या खिडकीवर विचार. तिथंही जायला दुपारी कॉलेजात असावं लागतं म्हणा.

आता तुझी आई. पहाटे चारला उठून भाकरी थापते, वडील फाट्यावर मोटरसायकलवर डबा नेऊन गाडीत ठेवतात, हे तू लिहिलं नाहीस तरी मला दिसतं. तिच्याबद्दल मी दोन गोड शब्द लिहीन अशी तुझी अपेक्षा असणार. नाही लिहिणार. डब्याला मी नावं ठेवत नाही. मराठवाड्यातली कितीतरी पोरं एसटीच्या डब्यावर शिकली, महामंडळानंही विद्यार्थ्यांच्या जेवणाच्या डब्याला शंभर टक्के सवलत दिलेली आहे. तालुक्याला खोली करून राहणाऱ्या आठवीतल्या पोराला डबा पाठवणं वेगळं. तू अठरा वर्षांचा आहेस.

आणि हे मी बोलू शकते, कारण मी तीच आई आहे. अहमदपूरहून लातूरला दीड वर्ष मी लेकाला डबा पाठवला. येसराची आमटी, भाकरी, जवसाची चटणी, गुरुवारी धपाटे. डबा परत यायचा तो घासूनपुसून लख्ख. मी शेजारणींना दाखवायची, बघा कसा चाटूनपुसून खातो. एका मे महिन्यात डबा परत आला तो जडच. उघडला तर आमटी विटून फेस आलेला. फोन केला, तेव्हा कळलं की सहा महिन्यांपासून तो मित्रांबरोबर मेसला जेवत होता आणि माझा डबा रोज वॉचमनकाका खात होते. डबा घासायचेही तेच. त्या दिवशी काका सुटीवर होते.

आठ दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. वाईट आमटीचं वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की ‘नको’ एवढा एक शब्द मला सांगायला त्याला माझी भीती वाटली. आणि खरं सांगू? नवव्या दिवशी मी सकाळी साडेसहाला उठले. लग्नानंतर पहिल्यांदा.

म्हणून तुला एकच सांगते. आज रात्री आईला फोन कर आणि म्हण, “आई, सोमवारपासून डबा बंद. मी मेस लावली.” ‘थोडे दिवस बघतो’ नाही, ‘परीक्षेपुरतं’ नाही, वडिलांकडून निरोप नाही. प्रॅक्टिकलचं खोटं कारणही सांगू नकोस. ती म्हणेल मेसचं तेल वाईट असतं. असतंच. ती म्हणेल पोट बिघडेल. एखादे वेळी बिघडेल. मग ती रडेल, तेव्हा फोन ठेवू नकोस आणि शब्दही फिरवू नकोस. सगळं शांत झालं की विचार, शनिवारी येतोय, काय करशील? बघ लगेच आवाज बदलतो की नाही.

आणि मेस लावशील ती पार्टनर जिथं जेवतो तिथं लाव. पहिल्या दिवशी त्याला सांग, आज जोडणी मी करतो. शनिवारी गावाला जाताना डबा स्वतः हातात घेऊन जा. रविवारी येताना धपाटे माणशी एक नाही, चांगले वीस-पंचवीस बांधून आण, वर शेंगदाण्याची चटणी. खोलीवर उघडलास तर माझ्याशी गाठ आहे.

गेवराईला नाव घालायचं काय ते दिवाळीनंतर बोलू.

तू पत्रात सगळं लिहिलंस, पण तो बुडणारा तिसरा तास कोणत्या विषयाचा ते लिहिलं नाहीस. सोमवारी साडेअकराला वर्गात बस आणि मंगळवारी मला तेवढं एका ओळीत कळव.

तुझी मावशी