जीव वाचवण्याचा हक्क निसर्गाचा, तर सरकार त्याला मर्यादा कशी घालतं?

तुम्ही विचारलंय की हा हक्क जन्मजात असेल, तर तो कुठे थांबतो हे सरकारने का ठरवावं. मी फौजदारी वकिली करतो, त्यामुळे मला उत्तर कलमांतूनच सुचतं.

राजाच्या हाती जवळजवळ सगळी सत्ता सोपवणारा इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जसुद्धा १६५१ मध्ये लिहून गेला, की जीव घ्यायला आलेल्याला अडवण्याचा हक्क माणूस कुठल्याच कराराने सोडून देऊ शकत नाही. आपला कायदा असलं तत्त्वज्ञान बोलून दाखवत नाही. पण भारतीय न्याय संहितेचं कलम ३६ वाचा (१८६० च्या दंडसंहितेत हेच ९८ होतं). अंगावर येणारा वेडा असो की अजाण पोर, बचावाचा हक्क तेवढाच. वेड्याचा तर गुन्हाच धरला जात नाही! म्हणजे हा हक्क समोरच्याच्या अपराधातून येत नाही, तुमच्या जिवावर बेतलं म्हणून येतो. निसर्गदत्त हक्काची याहून उघड कबुली मला तरी दुसरीकडे सापडलेली नाही.

सरकार शिरतं ते कलम ३७ मध्ये. पोलिसांकडे जायला वेळ होता, तर हक्क नाही. गरजेपेक्षा जास्त इजा केलीत, तर तेवढ्यापुरता नाही. (पळून जायची मात्र सक्ती नाही, आणि त्या क्षणीचा घाव कोर्ट सोन्याच्या काट्याने तोलत नाही.) खटकतं ते पुढे : सरकारी नोकर पदाच्या अधिकाराने, सद्भावनेने काही करत असेल आणि ते काटेकोर कायदेशीर नसलं, तरी त्याच्यावर हात उचलता येत नाही. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल तरच उचलता येतो. चुकीच्या अटकेला उत्तर जामीन, धक्काबुक्की नव्हे, इथपर्यंत मलाही पटतं. पण लाठी पडते आत्ता, आणि सद्भावना होती की नव्हती हे ठरतं काही वर्षांनी.

खेड्यातल्या खटल्यांत मात्र पोलीस क्वचितच असतात, असतो तो बांध. दोन्हीकडून फिर्यादी, आणि दोघंही सांगतात, 'आधी त्याने काठी उगारली.' माझ्या एका अशिलाने समोरच्याची काठी हिसकावली. तिथवर तो निर्दोष होता. समोरचा पळत सुटला, याने पाठलाग करून त्याच काठीने डोक्यात घातली. भीती संपली की कलम ४० प्रमाणे हक्कही संपतो, हे मी त्याला तीनदा समजावलं. शिक्षा भोगून आला, तरी भेटला की विचारतो, "पण वकीलसाहेब, काठी त्याचीच होती ना?"