मुलांचे प्रश्न : ताठ झालेलं शरीर आणि इतर शंका

या वेळचे बरेचसे प्रश्न ‘असलं काही विचारू नये’ असं म्हणून मोठ्यांनी परतवलेले आहेत. विचारणाऱ्यांचं फक्त वय दिलं आहे.

मेलेल्या माणसाचं शरीर लाकडासारखं कडक का होतं? (वय ९)

स्नायू आखडायला ऊर्जा लागते हे तुला माहीत असेल. गंमत म्हणजे सैल पडायलाही लागते. स्नायूत दोन तऱ्हेचे बारीक धागे एकमेकांना धरतात आणि ती पकड सुटायला एटीपी नावाचं इंधन हवं असतं. श्वास आणि रक्ताभिसरण थांबल्यावर उरलंसुरलं एटीपी संपतं आणि धागे अडकून बसतात. म्हणून शरीर आधी ढिलं पडतं, मग ताठरतं. साधारण २ ते ४ तासांत पापण्या, जबडा आणि मान, तर १२ तासांच्या आसपास हातपायांसकट सगळं शरीर. दीड-दोन दिवसांत ताठरपणा आपोआप जातो. तो इंधन परत आल्यामुळे नव्हे, तर ते धागेच विरू लागल्यामुळे. उकाड्यात हे सगळं भराभर होतं, थंडीत रेंगाळतं. त्यामुळे मालिकेतला पोलीस नुसता हात वाकवून ‘मृत्यू बरोबर सव्वानऊला’ म्हणाला तर विश्वास ठेवू नकोस.

मेल्यावरही नखं वाढतात का? (वय ८)

नाही. नवीन पेशी तयार व्हायला ऑक्सिजन लागतो. कातडी सुकून मागे सरते, म्हणून नख लांब दिसतं. दाढीच्या खुंटांचंही तेच.

उचलताना मृतदेहातून आवाज आला आणि डोळेही अर्धवट उघडे होते. तो माणूस जिवंत तर नव्हता? (वय ११)

नाही. फुप्फुसांत थोडी हवा उरलेली असते. अंग हललं की ती घशातून बाहेर पडते आणि कण्हल्यासारखा आवाज येतो. डोळे मिटून ठेवणं हेसुद्धा स्नायूचं काम आहे. तो सैल पडला की पापणी अर्धवट उघडी राहते. मृत्यू झाल्याचं सांगण्याआधी डॉक्टर काही मिनिटं छातीचे ठोके आणि श्वास तपासतात, डोळ्यांवर उजेड पाडून बाहुली आकसते का तेही बघतात.

चार वर्षांच्या मुलीला ‘आजोबा झोपलेत’ असं सांगितलं. आता ती रात्री झोपायला घाबरते. काय करू? (एक आई)

आजच दुरुस्त करा : ‘मी चुकीचं सांगितलं. आजोबा झोपलेले नाहीत, ते मेले. त्यांचं हृदय बंद पडलं. आता ते श्वास घेत नाहीत, त्यांना भूक लागत नाही, दुखत नाही. झोपेत तुझं हृदय चालूच असतं.’ मग तिचा हात तिच्याच छातीवर ठेवून ठोके जाणवू द्या. आजोबांविषयी ‘मेले’ म्हणताना आपली जीभ अडखळते, पण ‘गेले’ म्हटलं की ‘परत कधी येणार?’ हे ठरलेलंच. नुसतं ‘आजारी होते’ म्हणू नका, नाहीतर पुढच्या सर्दीत ती घाबरेल. ‘खूप मोठा आजार, सर्दीसारखा नाही’ असं सांगा.

मृत्यूनंतर परत येता येत नाही, हे बहुतेक मुलांना ५ ते ७ वर्षांच्या दरम्यान नीट उमगतं. तोवर तोच प्रश्न दहादा येईल. दर वेळी तेच शब्द वापरा. उत्तराआधी ‘तुला काय वाटतं?’ विचारलंत तर नेमकं काय खुपतंय ते कळतं. बऱ्याचदा ‘तूही मरशील का?’ एवढंच असतं.