शेऱ्याचा रकाना

"मॅडम, मुलगी दुकानात काही मागतच नाही हो आता."

समोरच्या बाई हे म्हणाल्या तेव्हा ही तक्रार की कौतुक, हे मला क्षणभर कळेना. मुलगी नऊ वर्षांची. पूर्वी फळांपुढे रेंगाळायची, हट्ट करायची, कधी रडायचीही. आदल्या आठवड्यात आईनंच आपणहून विचारलं, "घ्यायचं का तुला काही?" तर म्हणाली, "नको, मला नाही आवडत ते." आवडतं, हे आईला पक्कं ठाऊक होतं. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही आणि सकाळी त्यांनी माझी वेळ घेतली.

(त्यांना विचारूनच हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

घरात चार माणसं: नवरा-बायको, मुलगी, सासूबाई. नवऱ्याची नोकरी बदलली होती आणि नवा पगार जुन्यापेक्षा बराच कमी होता. कर्जाचा हप्ता मात्र तेवढाच होता, सासूबाईंची औषधंही तेवढीच. उपासमार नव्हती, पण महिन्याचे शेवटचे आठ-दहा दिवस घर श्वास रोखून असायचं. बाईंचा प्रश्न नेमका होता. "कमी पैशात घर चालवता येतं मला. पण त्यात जगायचं कसं, ते कळत नाही." हा प्रश्न माझ्याकडे इतक्या तोंडांनी येतो, की त्यावर एकदा लिहायचं मनात होतंच.

त्यांनी पिशवीतून वही काढली. शाळेची दोनशे पानी वही, कोपरे दुमडलेले. पट्टीनं आखलेले चार रकाने: तारीख, वस्तू, रक्कम, शेरा. शेऱ्याचा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा होता, आणि जिथे भरलेला होता तिथे एकच शब्द होता. आइस्क्रीम, उगाच. मैत्रिणीबरोबर चहा, उगाच. सफरचंदं दोन, उगाच. शेवटची नोंद त्याच दिवसाची होती, समुपदेशन. शेऱ्यात 'उगाच?', प्रश्नचिन्हासकट. मला हसू आलं. त्याही ओशाळून हसल्या.

पहिली बैठक मी वाया घालवली. पैसे कमी म्हटल्यावर माझ्यातली हुशार गृहिणी जागी झाली आणि मी सल्ले द्यायला लागले. कडधान्यं वाढवा, त्यांत साधारण 20 ते 25 टक्के प्रथिनं असतात. हंगामातली भाजी घ्या. डाळ आणि धान्य एकत्र खा, एकातली उणीव दुसरं भरून काढतं. बाई मान हलवत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हे सगळं करते मी. मोडसुद्धा घरीच आणते." खरंच करत होत्या. काटकसरीत त्या माझ्या चार पावलं पुढे होत्या आणि मी तासभर त्यांना त्यांचंच घर शिकवत बसले होते.

दुसऱ्या वेळी सल्ले बाजूला ठेवले आणि विचारलं, "हिशोब कधी करता?"

"रात्री लिहिते."

"लिहिता रात्री. करता कधी?"

थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "दात घासताना. भाजी चिरताना. तुमच्याशी बोलतेय ना, आत्तासुद्धा चालूच आहे."

तमिळनाडूतल्या ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास 2013 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. त्याच शेतकऱ्यांना कापणीआधी, म्हणजे हात तंग असताना, आणि कापणीनंतर पैसा आल्यावर, अशा दोन्ही वेळी बुद्धीला ताण देणारी कोडी घातली. कापणीआधी त्यांची कामगिरी स्पष्टपणे खालावलेली होती. माणसं तीच, डोकीही तीच. फक्त डोक्याचा एक मोठा कोपरा टंचाईनं आधीच अडवून ठेवलेला होता. बाईंना मी हे सांगितलं ते एवढ्यासाठीच, की त्या स्वतःला 'विसरभोळी' आणि 'चिडकी' म्हणत होत्या. भाजी करपते, मुलीच्या सहलीचा फॉर्म राहून जातो, आणि मग त्यावरून स्वतःवरच राग.

तेव्हा आम्ही ठरवलं, की हिशोबाला एक जागा आणि एक वेळ द्यायची. रविवारी संध्याकाळी वीस मिनिटं, नवरा-बायको दोघं, वही समोर. एरवी खर्च झाला की फक्त आकडा लिहायचा. शेऱ्याचा रकाना घडी घालून मागे दुमडायचा. "आणि मधेच हिशोब सुरू झाला तर?" त्यांनी विचारलं. होणारच. तेव्हा मनाला म्हणायचं, रविवारी बघू. ऐकायला पोरकट वाटतं, पण काळजीला तारीख दिली की ती थोडी तरी रांगेत उभी राहते, असा माझा अनुभव आहे.

तिसऱ्या बैठकीत त्या सहज बोलून गेल्या, की रात्री झोपण्याआधी तासभर मोबाईलवर पाककृतींचे व्हिडिओ बघते. करत मात्र त्यातली एकही नाही.

इथे माझे कान टवकारले. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी एक प्रयोग केला होता. 36 निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीनं, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. महायुद्धात उपाशी राहिलेल्या लोकांना पुन्हा कसं जेवू घालायचं, हे समजून घ्यायचं होतं. ती मुलं अशक्त झाली, उदास आणि चिडखोर झाली, हे अपेक्षितच होतं. पण त्यांतले काही जण पाककृतींची पुस्तकं वाचायला आणि जमवायला लागले. पोटाला कमी पडलं की मन ताटाभोवती घिरट्या घालतं.

म्हणून विचारलं, "काल दुपारी तुम्ही काय जेवलात?"

"जे उरलं ते."

"म्हणजे काय?"

त्यांना आठवावं लागलं. डाळीच्या पातेल्यात पाणी घालून, ढवळून, ते भाताबरोबर. मग सफरचंदाचा विषय निघाला. एक सफरचंद चिरतात, फोडी तीन ताटल्यांत जातात. "आणि चौथी ताटली?" "माझी कशाला? मधला भाग खाते ना मी." बिया काढून, देठाजवळचा, कडक. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. उलट थोडा अभिमानच होता, घरच्यांना काही कमी पडू देत नाही याचा.

जिना चढताना धाप लागते, दुपारी डोकं जड होतं, हेही त्या पूर्वी एकदा म्हणाल्या होत्या. मी ते काळजीच्या खात्यात टाकून मोकळी झाले होते. चूक माझीच. मी डॉक्टर नाही, म्हणून त्यांना आधी रक्त तपासायला पाठवलं. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली गेलं की जागतिक आरोग्य संघटना त्याला रक्तक्षय म्हणते. बाईंचं त्याच्या बरंच खाली होतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि दोन साध्या गोष्टी सांगितल्या. जेवल्यावर लगेच चहा नको, कारण तो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. आणि डाळी-पालेभाज्यांवर लिंबू पिळा, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे ते लोह जास्त शोषलं जातं. ज्या चिडचिडीची मुळं मी मनात शोधत होते, त्यांतली निदान काही रक्तात होती.

पण गोळ्यांनी ताटलीचा प्रश्न सुटत नाही. मी एकच गृहपाठ दिला. वाढताना चार ताटं एकदम वाढायची, आपलं सुद्धा, आणि सगळ्यांबरोबर बसायचं. जे आहे त्याचे चार भाग. पहिले काही दिवस त्यांना चोरी केल्यासारखं वाटलं, असं त्या म्हणाल्या. सासूबाईंना वेगळं काही वाटेल ही भीती होती. त्या म्हणाल्या काय, तर "बरं झालं, एकटीला नंतर जेवताना बघून मला घास गोड लागायचा नाही."

पुढच्या वेळी नवरा आला. माणूस सरळ, पण बोलताना आधी बायकोकडे बघणारा. स्वस्त मिळालं म्हणून तो जास्तीचं आणून ठेवायचा, आणि त्यातलं निम्मं फ्रीजच्या तळाशी काळं पडायचं. दोन आठवडे मी त्यांना खर्चाऐवजी फक्त फेकलेल्या वस्तूंची यादी करायला लावली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं काढलेला अंदाज असा, की 2022 मध्ये जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं 60 टक्के घराघरांतून. या घरातून किती गेलं ते यादीत होतं. याबद्दल जास्त बोलावं लागलं नाही, यादी बघून तो स्वतःच गप्प झाला.

मग मी वहीची घडी उलगडली. म्हटलं, तीन महिन्यांतले सगळे 'उगाच' काढा, आणि प्रत्येकापुढे एवढंच सांगा, हा खर्च पुन्हा कराल का? मैत्रिणीबरोबरच्या चहाला बाई ताबडतोब म्हणाल्या, "उद्यासुद्धा." आइस्क्रीमला दोघंही हो म्हणाले, त्या दिवशी मुलगी खूप दिवसांनी हसली होती. घाईत घेतलेल्या चपला, एक निरुपयोगी डबा, फोनमध्ये आपोआप कापली जाणारी एक वर्गणी, यांना नाही. 'उगाच' या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या जातींचे खर्च दबले होते. आनंदाचे आणि आळसाचे. आणि काटछाट करताना कात्री आधी आनंदावर चालत होती, कारण तो सहज दिसतो. वर्गणी दिसत नाही.

एवढ्यात नवरा म्हणाला, "माझं एक त्या वहीत नाहीच." ऑफिसातून येताना आठवड्यातून एकदा तो बाहेर काहीतरी खायचा. उभ्यानं, घाईघाईत, कुणी बघत नाही ना हे बघत. बाईंना राग येईल असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "गरम तरी असतं का?"

त्या दिवशी एक बदल ठरला. महिन्याच्या सुरुवातीलाच, हप्ता आणि औषधांच्या पाठोपाठ, दोन छोट्या रकमा बाजूला काढायच्या, एक त्याची आणि एक तिची. त्यांचा हिशोब कुणी कुणाला विचारायचा नाही. मौजेला महिनाअखेरचं उरलेलं द्यायचं ठरवलं, तर तंगीच्या घरात काही उरतच नाही. रक्कम किती, याला फारसं महत्त्व नाही. ती आधी काढली आणि उजळ माथ्यानं खर्च केली, यानं फरक पडतो.

मुलीचं राहिलंच. तिच्याशी पैशाबद्दल बोलूच नये, असं दोघांचं मत होतं. मला ते पटत नव्हतं. मुलांना कळतं, फक्त अर्धवट कळतं. मी म्हटलं, तिलाच विचारा, मागायचं का थांबवलंस. बाईंनी विचारलं. पुढच्या बैठकीत उत्तर सांगताना त्यांना रडू आवरेना.

मुलगी म्हणाली होती, "तू वहीत माझ्या वस्तूंपुढे उगाच लिहितेस."

तिला वाचता येतं, हे घरात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

त्यानंतर तिला रविवारच्या वीस मिनिटांत पहिली पाच मिनिटं बसवायला लागले. कर्जाचे आकडे तिच्यासमोर नकोत, पण या आठवड्याच्या फळासाठी एवढे पैसे आहेत, काय आणायचं ते तू ठरव, एवढं तिच्या हाती. पहिल्या रविवारी तिनं अर्धा तास घेतला. आई-बाबांना पैशांची भीती वाटते का, असंही तिनं विचारलं. वडिलांनी सांगितलं, कधी कधी वाटते, पण ते आमचं काम आहे, तुझं नाही. हे वाक्य त्यांचं स्वतःचं. मी शिकवलेलं नाही.

शनिवारी रात्री गच्चीत जेवायचं, ही कल्पनाही मुलीचीच. जेवण रोजचंच. पण ती मेनू लिहून आणायची, त्यात नेहमीच्या डाळीचं नाव 'राजदरबारी पिवळी डाळ' असायचं, आणि बुधवारपासून घरात शनिवारची चर्चा असायची.

एक सांगायलाच हवं. हे सगळं त्या घरात चाललं, कारण तिथे येणारा पैसा कमी असला तरी जेवणापुरता होता. जिथे दोन वेळचंच निघत नाही, तिथे रविवारचा हिशोब आणि गच्चीवरचं जेवण सुचवणं म्हणजे चेष्टा आहे. तशी माणसंही माझ्याकडे येतात. त्यांच्याबरोबर मी आधी नातेवाईक, सरकारी योजना, हप्ता पुढे ढकलण्याचा अर्ज, या वाटांनी जाते. मदत मागायची लाज हाच तेव्हा समुपदेशनाचा विषय असतो.

साडेचार महिन्यांनी बाई शेवटच्या बैठकीला आल्या. पगार वाढलेला नव्हता. हिमोग्लोबिन वाढलं होतं. आदल्याच आठवड्यात मिक्सर जळाला आणि घरात जोरात भांडण झालं, तेही त्यांनी सविस्तर सांगितलं. निघताना फी दिली, वही काढली, माझ्यासमोरच आकडा लिहिला.

"पुढच्या महिन्यापासून येत नाही मॅडम," त्या म्हणाल्या. "राग मानू नका. तुमच्या फीच्या पैशात मुलीला पोहायला घालतेय."