रिपोर्टवर सगळीकडे ‘आर’

प्रश्न : माझी आई ६१ वर्षांची असून तिला मधुमेह आहे. लघवीला जळजळ होऊ लागली, म्हणून मेडिकलमधून सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्या आणल्या. दोन दिवस बरे वाटले आणि त्रास पुन्हा उलटला. लघवीच्या कल्चरच्या (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये जंतूचे नाव ‘ई. कोलाय, ईएसबीएल’ असे असून बहुतेक औषधांपुढे ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे औषध लागू पडत नाही) आहे. ताप नाही. दाखल करून इंजेक्शनेच द्यावी लागतील का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताप नाही हे आपण शेवटी लिहिले आहे, उपचार ठरवताना मात्र तेच आधी विचारले जाते. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे किंवा उलट्या नसतील, तर संसर्ग बहुधा मूत्राशयापुरताच असतो आणि त्यावर पुष्कळदा तोंडाने घ्यायचे औषध पुरते. ईएसबीएल हे जंतूने तयार केलेले एन्झाइम सेफिक्सिमसारखी औषधे निकामी करते. नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन यांची रचनाच निराळी असल्यामुळे ती त्याच्या तावडीत सापडत नाहीत. या दोहोंपुढे ‘एस’ (सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध लागू पडते) आहे का, हे फॅमिली डॉक्टरांना दाखवावे. सिप्रोफ्लॉक्सॅसिनला तर आपल्याकडचे ई. कोलाय फार मोठ्या प्रमाणात दाद देईनासे झाले आहेत, तेव्हा ते मेडिकलमधून परस्पर आणणे सोडावे.

नायट्रोफ्युरँटॉइन सहसा १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर पाच दिवस देतात. लघवी तपकिरी दिसली तर घाबरू नये. मात्र आईंना मधुमेह असल्याने आधी रक्तातील क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडांचे काम कळते) तपासून घ्यावे, कारण मूत्रपिंडे अशक्त असतील तर हे औषध लघवीत पुरेसे उतरत नाही आणि दुष्परिणाम तेवढे वाढतात. फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची पूड पाण्यात विरघळवून एकदाच घ्यायची असते.

ताप भरला तर हा हिशेब बदलतो. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत साठते, पण रक्तात आणि मूत्रपिंडाच्या पेशीजालात पुरेसे पोहोचत नाही. मग रिपोर्टवर या औषधापुढे असलेल्या ‘एस’चा उपयोग नाही, बहुधा इंजेक्शनेच लागतात आणि सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

जळजळ थांबल्यावर, ‘जंतू गेले का’ हे पाहण्यासाठी पुन्हा कल्चर करण्याची जी टूम निघाली आहे, तिच्या नादी लागू नये. त्रास नसताना लघवीत जंतू सापडले तरी, मधुमेह असला तरीसुद्धा, औषध लागत नाही. अपवाद गरोदर स्त्रियांचा आणि मूत्रमार्गाच्या काही शस्त्रक्रियांपूर्वीचा.