पंचवीस वर्षांपूर्वीची बोर्दो वाइन जळगावच्या हवेत, मित्रांसोबत जेवताना उघडायची तर काय जपावं?

तुम्ही लिहिलंय की भावाने फ्रान्सहून दोन बाटल्या आणल्यात, एक १९९६ ची पोयाकची आणि एक २००० सालची सांतेमिलियोंची, दोन्ही तिथल्या बोर्दो भागातली गावं. सहा मित्र, शेतावर दुपारचं जेवण, आणि त्या कशा उघडाव्यात, सोबत काय वाढावं हा प्रश्न. माझी पहिली विनंती अशी की बेत होळीनंतरचा असेल तर तो हिवाळ्यापर्यंत पुढे ढकला. आणि हे वाचून झालं की त्या बाटल्या आत्ता घरात कुठे ठेवल्यात ते आधी बघून या.

मी यावल तालुक्यातला केळीवाला. माझ्या हाती आलेली पहिली जुनी बाटली मी मे महिन्यात मुंबईहून गाडीच्या डिकीत घालून आणली. घरी उतरवली तेव्हा बूच आतून रेटून वर आलेलं होतं आणि मानेवर चिकट ओघळ होते. उघडली तर उकडलेल्या मनुकांचा वास आणि जिभेवर नुसता आंबटपणा. इतकी वर्षं टिकलेली ती वाइन एका दिवसाच्या उन्हात गेली. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर उपाय सापडला तो आमच्याच धंद्यात. केळी आम्ही कोल्ड रूममध्ये १३-१४ अंशांवर ठेवतो, कारण त्याच्या खाली गेली की सालीवर काळपटपणा येतो. बोर्दोच्या तळघरांत बाटल्या पडून असतात त्या जवळपास ह्याच तापमानाला! सावदा-रावेर भागात तुमच्या ओळखीचं कुणाचं कोल्ड स्टोरेज असेल तर एका कोपऱ्यात दोन बाटल्या आडव्या ठेवायला कुणी नाही म्हणणार नाही. तिथली ओलसर हवा बुचाला चांगलीच, फक्त लेबलला बुरशी येते म्हणून बाटलीला पातळ प्लास्टिक गुंडाळा. पिकवणीच्या खोलीत मात्र नको, तिथे तापमान रोज वरखाली करावं लागतं. हे जमत नसेल तर घरच्या फ्रिजचा खालचा कप्पा काही आठवड्यांसाठी चालेल. कपाटावर, माळ्यावर किंवा शोकेसमध्ये अजिबात नको.

तुमच्या दोन बाटल्या एकमेकींपासून किती वेगळ्या आहेत हे आपल्याकडच्या माणसाला जमिनीवरून पटकन कळेल. पोयाक जिरोंद नावाच्या खाडीच्या डाव्या काठावर, मेडॉक भागात. तिथली जमीन गोट्यांची, रेताड, आपण जिला मुरमाड म्हणून नाक मुरडतो तशी. पाणी झरझर निचरतं, गोटे दिवसाची ऊब धरून ठेवतात, आणि उशिरा पिकणारं कॅबरने सोव्हिन्यों जातीचं द्राक्ष त्यावर नीट पिकतं. उजव्या काठावर, सांतेमिलियों आणि पोमेरोलकडे, चुनखडी आणि चिकणमाती जास्त, म्हणून तिथे मर्लो जातीचं द्राक्ष. पोमेरोलच्या पेत्रूस मळ्यातली माती तर आपल्या काळ्या कपाशीच्या जमिनीसारखी पाण्याने फुगणारी. आमच्यातल्या एका मित्राला हे सांगितलं तेव्हा त्याने पेला खाली ठेवला आणि अर्धा तास फक्त जमिनीवरच बोलला.

१९९६ हे डाव्या काठासाठी फार चांगलं साल, कॅबरने त्या वर्षी छान पिकलं. २००० दोन्ही काठांना चांगलं गेलं. म्हणजे तुमच्या भावाने निवडून आणल्यात. लेबलवरच्या 'ग्रां क्रु' (थोर मळा) या शब्दाने मात्र गोंधळू नका. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या सांगण्यावरून जी पाच श्रेणींची यादी झाली, ती लाल वाइनपुरती मेडॉकची, त्याबाहेरचा एकटा मळा शातो ओ-ब्रियों. त्या यादीतला ठळक बदल म्हणजे १९७३ मध्ये मूतों रोथशिल्ड हा मळा दुसऱ्या श्रेणीतून पहिलीत गेला तो. सांतेमिलियोंची स्वतःची यादी १९५५ पासूनची, आणि पोमेरोलला यादीच नाही. सांतेमिलियोंच्या बाटलीवर नुसतं 'ग्रां क्रु' असेल तर ते त्या यादीतलं मानाचं स्थान नव्हे. त्यासाठी पुढे 'क्लासे' लागतं. पण यादीत नाही म्हणून बाटली कमी, असं मुळीच समजू नका.

आता उघडण्याचं. जेवण रविवारी असेल तर शुक्रवारीच बाटल्या उभ्या करून ठेवा आणि मग हलवू नका. इतक्या वर्षांत रंगद्रव्यं आणि टॅनिन (द्राक्षाच्या सालीतला तुरट अंश) एकमेकांना चिकटून जड होतात आणि गाळ होऊन बसतात. तो विषारी नसतो, पण तोंडात कडू आणि रेवाळ लागतो. शेतावर नेताना बाटली मांडीवर उभी धरून नेणारा एक माणूस ठरवा.

जुनं बूच बऱ्याचदा तुटतं. साधा स्क्रू त्याच्या मधोमध भोक पाडतो आणि भुगा आत जातो. दोन पात्यांचा ओपनर मिळतो, तो ऑनलाइन मागवून घ्या. पाती बुचाच्या दोन्ही बाजूंनी, थोडी इकडे थोडी तिकडे करत खाली सरकवायची आणि मग हळूहळू पिळत वर ओढायचं. बूच निघालं की मान आतून-बाहेरून स्वच्छ फडक्याने पुसा. मग काचेच्या जगमध्ये एका संथ धारेत ओतायचं, मानेखाली मोबाइलचा टॉर्च लावून. धार स्वच्छ दिसते तोवर ओतत राहा. काळा धागा खांद्याशी आला की थांबा. बोर्दोच्या बाटलीला ते उंच खांदे असतात ना, ते इथे कामाला येतात, गाळ तिथे अडतो. तळाला दोन-तीन घोट राहतील, ते सोडून द्या. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात चुकूनही ओतू नका.

हे सगळं किती आधी करायचं? १९९६ ची वाढण्याच्या अर्धा तास आधी, फार नाही. २००० ची असेल तर तासभर. म्हाताऱ्या वाइनला जास्त हवा दिली तर सुगंध त्या जगमध्येच उडून जातो. ओतताना ओल्या पुठ्ठ्याचा किंवा भिजलेल्या गोणपाटाचा वास आला तर ते बुचातून आलेलं खराबपण असतं, वाट पाहून ते जात नाही. आमच्या एका जेवणात तीनपैकी एक बाटली अशीच निघाली. सगळे गप्प झाले होते. म्हणून साधी एखादी नाशिकची बाटली हाताशी असू द्या.

तापमान १६ ते १८ अंश. जानेवारीतही आपल्याकडे दुपारी ३० च्या आसपास ऊन तापतं, तेव्हा विहिरीच्या पाण्यात थोडा बर्फ टाकलेली बादली घ्या आणि जग त्यात मानेपर्यंत बुडवून सावलीत ठेवा. पेले पाव भरायचे, जास्त नाही. एका बाटलीत ७५० मिली, सहा जणांना सव्वाशे मिली येते. तेवढी पुरते.

आणि जेवण. इथे मला ठाम सांगायचंय: काळ्या मसाल्याचा रस्सा आणि ही वाइन एकत्र आणू नका. तिखटाने जीभ पेटली की अल्कोहोल जास्त जळजळतो आणि जुन्या वाइनचा नाजूक वास गायब होतो. रस्सा नंतर येऊ द्या. आम्ही जेवण दोन फेऱ्यांत करतो. पहिल्या फेरीत अळणी मटण, फक्त मीठ, हळद, आलं-लसूण, वरून तूप. सोबत कळण्याची भाकरी आणि लोणी. आणि भरीत! हिरवी वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजून, बडगीत ठेचून, पण मिरचीचा ठेचा वेगळा ठेवून. त्या धुराचं आणि मेडॉकच्या जुन्या कॅबरनेचं इतकं जमतं की मी पहिल्यांदा चाखलं तेव्हा पुन्हा पुन्हा घास घेऊन खात्री केली. कच्चा कांदा पहिल्या फेरीत नको. मांडे केले असतील तर वाइन संपल्यावरच वाढा, पुरणाच्या गोडाने ही वाइन आंबट लागते.

क्रमाबद्दल लोक वेगवेगळं सांगतात. मी जुनी आधी वाढतो, जीभ ताजी असताना. तुमची पोयाक पहिली, सांतेमिलियों नंतर.

मग घाई करू नका. पेल्याला कडेने बघा, रंग विटकरीकडे झुकलेला दिसेल. पहिल्या दहा मिनिटांत वास बंद असतो, थोडा कुबट. मग शिसपेन्सिल सोलल्याचा वास, मग कोरडा तंबाखू, वखारीतलं लाकूड, पावसानंतर बागेत कुजलेल्या पानांचा वास. गेल्या जानेवारीत लिंबाखाली साडेबाराला बसलो होतो. पहिल्या घोटाला तोंड वाकडं करणारा मित्र दोन वाजता म्हणाला, "भो, मघाशी हिला वासच नव्हता, आता जुनी पेटी उघडल्यासारखं झालं." चार वाजता त्याच पेल्यात तळाला राहिलेला घोट पुन्हा फिका पडला होता. म्हणून प्रत्येकाला सांगून ठेवा की एक घोट तरी शेवटपर्यंत राखायचा, आणि दर वीस मिनिटांनी नाकाशी धरायचा.

रस्सा पाचला आणा. तोवर चुलीवर बसू द्या.